घरातील विद्युत उपकरणांचा त्रास : शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न (परभणी)

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गेल्या उन्हाळ्यापासून डोके जड होणे, कानात सतत गुणगुण ऐकू येणे आणि रात्री झोप न लागणे असा त्रास आहे. पुतण्याच्या परीक्षेच्या तयारीसाठी घरात वायफाय घेतले आणि त्याच सुमारास त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे इन्व्हर्टर बसवला. तेव्हापासून हे सुरू झाले, असे त्या सांगतात. शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला गेल्या की त्यांना शांत झोप लागते. घरातील पुरुषमंडळी हे सारे मनाचे खेळ म्हणून सोडून देतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. मोबाइलच्या पाठीला चिकटवण्याची एक ‘किरणरोधक’ चकती आणि खोलीला लावायची धातूची जाळी कोणीतरी सुचवली आहे. ती घ्यावी का? आणि मुळात शोध कोठून सुरू करावा?

उत्तर १ (नांदेड, विद्युत काम)

चकती आणि जाळी यांवर पैसे घालवू नका. फोनच्या अँटेनाला अडथळा आला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, म्हणजे हेतूच्या उलट घडते.

त्याऐवजी आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते. उन्हाळ्यात मात्र ती आक्रसून तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या सळईचा मातीशी संपर्क सुटतो आणि गळतीचा प्रवाह जमिनीत नीट उतरत नाही. फ्रिजला किंवा कपाटाएवढ्या पत्र्याच्या कूलरला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ती गोष्ट जाऊबाईंच्या डोकेदुखीपेक्षाही तातडीची समजा, कारण कूलरचा शॉक लागून जीव जाण्याच्या घटना दर उन्हाळ्यात आपल्या भागात घडतात. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून नियमित पाणी घालावे आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे उपकरण) बसवून घ्यावे.

इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ (चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या) प्रकारचा आहे का, हेही पाहा. त्यावर पंखा चालला की तो घुमतो, आणि रात्रीच्या शांततेत ती घरघर भिंतीतूनही जाणवते. कानातल्या गुणगुणीचा उगम तिथेही असू शकेल. स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा बदलावा. इन्व्हर्टरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे पलंग समोरच्या भिंतीला लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बॅटरी हवेशीर जागी आहे ना, तेही बघा.

उत्तर २ (लातूर, वैद्यकीय व्यवसाय)

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या विषयावर दिलेल्या माहितीत दोन गोष्टी आहेत, आणि घरच्यांनी त्या दोन्ही ऐकाव्यात : विद्युत उपकरणांचा त्रास होतो असे सांगणाऱ्या व्यक्तींची लक्षणे खरी असतात, कधीकधी ती आयुष्य अडवून टाकण्याइतकी तीव्रही असतात, परंतु विद्युतचुंबकीय क्षेत्राशी त्यांचा संबंध जोडण्यास शास्त्रीय आधार मिळालेला नाही. त्याच वर्षी ३१ प्रयोगांचा आणि त्यांत सहभागी झालेल्या ७२५ व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपकरण चालू आहे की बंद, हे न सांगता केलेल्या अशा प्रयोगांत क्षेत्राची उपस्थिती ओळखता येते, असा भक्कम पुरावा मिळाला नाही. उपकरण चालू असल्याचे नुसते वाटले तरी त्रास सुरू होतो, असे मात्र दिसले. भीतीने उठलेले डोके हेही दुखणारेच डोके असते, म्हणून ‘मनाचे खेळ’ हा शब्द त्यांच्यासमोर कृपया वापरू नये.

रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासा, कान तज्ज्ञांना दाखवा, आणि अर्धशिशीचा विचार करा. २०११ साली रेडिओलहरींचे जे ‘२ बी’ (‘कदाचित कर्करोगकारक’) वर्गीकरण झाले, तो कर्करोगाच्या शक्यतेचा वेगळा प्रश्न आहे. या लक्षणांशी त्याची गल्लत नको. आपल्या देशात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश करण्यात आली.

उत्तर ३ (अंबाजोगाई)

माझ्या आईला असाच त्रास आहे, म्हणून एवढेच लिहिते. जाऊबाईंना न कळवता राउटर चालू-बंद करून ‘परीक्षा’ घेण्याचा मोह घरात कोणाला तरी नक्की होईल; तसे होऊ देऊ नका. पडताळणी करायचीच असेल, तर त्यांच्या संमतीने करा आणि नोंदी त्यांनाच लिहू द्या. आमच्याकडे रात्री राउटर बंद ठेवतो. त्याने नेमके काय होते यावर मी वाद घालत नाही. आईचे म्हणणे कोणीतरी ऐकले, याने तिची झोप निश्चित सुधारली.

प्रश्नकर्ती (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली : मोबाइलचा टॉवर आखाड्याला लागूनच्या शिवारात आहे आणि जाऊबाईंचा फोनही तिथे उशाशीच असतो. तिथे नाहीत ते इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे आणि घरातली वर्दळ. त्यामुळे जाळीचा विचार सोडला असून, आधी वायरमनला बोलावतो आणि पलंग हलवतो. कानाची तपासणी त्या स्वतःहून करून घेणार आहेत. नांदेडच्या दादांना एवढेच विचारते, की अर्थिंगचा नवा खड्डा पावसाळ्यापूर्वी घेतला तर चालेल का, की जमीन ओली होण्याची वाट पाहावी?

उत्तर १ (नांदेड)

वाट पाहू नका, ताई. आत्ताच घ्या, भर उन्हाळ्यात अर्थिंगचे मापन बरोबर आले, तर ते वर्षभर बरोबर राहील.