जनुकविनिमयातल्या 'इंटरफिअरन्स'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: बारावीच्या पोट्ट्यांना मराठीतून जीवशास्त्र शिकवून राहिलो. क्रॉसिंग ओव्हरला, म्हणजे जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात त्याला, 'जनुकविनिमय' चालून जातं, अडतं ते 'इंटरफिअरन्स'ला. 'व्यतिकरण' म्हटलं की पोरं प्रकाशलहरींच्या पट्ट्या काढायला घेतात.

इतवारीवाला: 'हस्तक्षेप' घ्या ना भाऊ.

रामदासपेठची: हस्तक्षेप म्हणजे कोणी तिऱ्हाईत मध्ये पडला. इथे तिऱ्हाईत कोणी नाही. जनुकशास्त्रज्ञ मुलरने 1916 मध्ये फळमाशीच्या संदर्भात हा शब्द वापरला तो एवढ्यासाठीच की गुणसूत्रावर एका जागी विनिमय झाला की लगतच्या भागात दुसरा होण्याची शक्यता घटते. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे बीजपेशी बनतात त्या विभाजनात, पेशी स्पो11 प्रथिनाकरवी डीएनएचे दोन्ही धागे मुद्दाम तोडते; विनिमयाची सुरुवात तिथूनच. उंदरात एका पेशीत अशा दोनशेच्या वर तुटी होतात. बहुतेक विनिमयाविनाच सांधल्या जातात, पण गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीला निदान एक विनिमय लागतोच. नाहीतर जोडीतली गुणसूत्रं नीट वेगळी होत नाहीत आणि एखाद्या बीजपेशीत जादा गुणसूत्र जातं. (नर फळमाशी अपवाद. तिथे विनिमयच नाही, तरी गाडी चालते!)

धरमपेठकर: पण कोणत्या तुटीचा विनिमय होणार हे ठरतं कसं?

रामदासपेठची: अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात एचईआय10 प्रथिनाचे ठिपके पाहिलेत. जोडीला सांधणाऱ्या प्रथिनांच्या पट्टीवर आधी पुष्कळ बारीक ठिपके असतात, मग मोजकेच मोठे उरतात. मोठा ठिपका आसपासच्या लहानांतलं प्रथिन ओढून घेतो. जिथे तो टिकतो तिथे विनिमय, आणि शेजारी काही उरतच नाही. त्या पट्टीतलं झिप1 (ZYP1) प्रथिन काढलं तर इंटरफिअरन्स जातो आणि विनिमय वाढतात, हे 2021 मध्ये दाखवलं गेलं.

इतवारीवाला: म्हणजे तर्रीवरचे तेलाचे थेंब मिळून मोठे होतात तसं?

रामदासपेठची: तर्रीत थेंब एकमेकांना येऊन भिडतात. इथे ठिपके आपापल्या जागीच, प्रथिन तेवढं गुणसूत्राच्या लांबीने सरकतं.

महालवाली: मग 'शेजार-अटकाव' काऊन नाही?

रामदासपेठची: 'अटकाव'त रोखणारा दिसतो आणि इथे खरं तर माल संपतो, एवढी खोट आहे. पण मुलरच्या शब्दातही ती आहेच. 'शेजार'मुळे अंतराचा मुद्दा येतो, तो मला महत्त्वाचा वाटतो. माझं मत त्याला.

धरमपेठकर: उद्यापासून फळ्यावर 'शेजार-अटकाव'. उत्तरपत्रिकेत मात्र बाजूला 'इंटरफिअरन्स' लिहायला सांगतो, तपासणाऱ्यापर्यंत आपला शब्द कुठे पोचला आहे!