डिलिव्हरीनंतरची रजा नवरा-बायकोने वाटून घेता यावी का? आणि पगार कोणी द्यायचा?

ऋता_कोथरूड
२०१७ पासून आपल्याकडे आईला २६ आठवडे भरपगारी रजा आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, त्याआधी १२ च होती. बाबाला मात्र प्रायव्हेट नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही, केंद्र सरकारी नोकरीत असेल तर १५ दिवस. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच लोकसभेत वडिलांच्या रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. मला वाटतं पहिले तीन महिने आईचेच, पण उरलेले आठवडे जोडप्याने ठरवून वाटून घ्यायची मुभा हवी. दोघं सारखं कमावतात, मग अप्रेझल फक्त तिचंच का बुडावं?

मनस्विनी
२६ मधून काढून द्यायला माझा ठाम विरोध. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या असं डॉक्टर सांगतात आणि तिसऱ्या महिन्यात ती ऑफिसात जाऊन बाथरूमात दूध काढत बसणार का? आणि आपल्या घरांत "दोघांनी ठरवून" म्हणजे नक्की कोण ठरवतं हे सगळ्यांना माहितीये, त्याचा पगार जास्त म्हणून तो जाणार नाही किंवा हिच्या ऑफिसने बोलावलं म्हणून हीच लवकर परत जाणार. बाबाला रजा द्या, पण वेगळी द्या, आणि त्याने नाही घेतली तर बुडाली असा नियम हवा.

भोसरीकर
माझं १४ माणसांचं युनिट आहे, म्हणजे कायदा लागू. क्वालिटीला एक मुलगी आहे, २७ हजार पगार. ती रजेवर गेली की सहा महिने तिचा पगार माझ्या खिशातून आणि बदली माणसाचा वेगळा, सरकार एक रुपया देत नाही. म्हणूनच कित्येक छोटे मालक नवीन लग्न झालेल्या मुलीचा बायोडेटा बाजूला ठेवतात, हे वाईट आहे पण असंच चालतं. आता पुरुषांचीही पगारी रजा आमच्याच डोक्यावर?

मनस्विनी
@भोसरीकर २१ हजारांच्या आत पगार असता तर तिला ईएसआयमधून (कामगारांच्या सरकारी विम्यातून) मिळालं असतं ना, तुमच्याकडून नाही.

भोसरीकर
तेच तर म्हणतोय. तिथे मालक सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का, आणि बाळंतपणाचा पगार फंडातून येतो. २१ हजारांच्या वर गेलं की सगळा भार एकट्या मालकावर. ही मर्यादा आधी वाढवा मग बाबांचं बोलू.

म्युनिकचा_सातारकर
इथे जर्मनीत तसंच आहे, कंपनी नाही तर सरकार पैसे देतं. नेट पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. एकाच पालकाने घेतलं तर १२ महिने, दुसऱ्यानेही निदान दोन घेतले तर १४. ते दोन महिने मी घेतले, मॅनेजरने फक्त तारखा विचारल्या. चांगला पगार असणाऱ्याला १८०० म्हणजे खड्डाच पडतो, तरी इथले बरेच बाबा घेतात कारण नाही घेतले तर ते महिने जातात.

शैलाकाकू
पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आई शेक-धुरी बघते, मालीशवाली येते, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं वेळच्या वेळी. जावई रजा घेऊन नक्की करणार काय? उलट त्याचंच चहापाणी बघावं लागेल.

ऋता_कोथरूड
काकू, माहेर सव्वा महिन्याचं, फार तर तीन महिन्यांचं. आणि ज्या मुलीची आई स्वतः नोकरी करते किंवा आजारी आहे तिने काय करायचं? सिझेरियनचे टाके ओले असताना रात्री दर दोन तासांनी उठायचं, पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, दुपटी बदलायची. पाजणं सोडून यातलं काय पुरुषाला जमणार नाही?

शैलाकाकू
जमेल गं, पण तो शिकेपर्यंत ओली बाळंतीण त्याच्यावर टाकायला माझं मन नाही तयार होत.

म्युनिकचा_सातारकर
काकू, इथे माहेर नव्हतं. आंघोळ घालायला मला नर्सने दोनदा दाखवलं, तिसऱ्या दिवशी मीच घातली.

भोसरीकर
फंडातून पगार येणार असेल आणि तीन महिने आधी कळवणार असाल तर बाबांच्या १५ दिवसांना माझी हरकत नाही. सलग दोन महिने मात्र नाही जमणार, माझ्याकडे सीएनसी मशीनवर दोनच ऑपरेटर आहेत, एक गेला की दुसऱ्याला डबल शिफ्ट.

मनस्विनी
मग सलग नको, आठवड्या-आठवड्याने घेऊ दे वर्षभरात. पण १५ दिवसांवर मी थांबणार नाही.