वेबवरून फर्मवेअरला आल्यावर जुना अनुभव किती कामाला येतो?

धागालेखक
"प्रोग्रॅमिंग आलं की कुठेही जा, फक्त भाषा बदलते" हे वाक्य मला आता पटत नाही. आठ वर्षं वेबचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा भाग केला, गेल्या वर्षी फर्मवेअरला, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या कोडकडे आलो. सी ही भाषा पंधरा दिवसांत हाताला बसली. मग एक फ्लॅग (हो-नाही एवढंच सांगणारं व्हेरिएबल) नडला. इंटरप्ट (हार्डवेअरच्या इशाऱ्यावर मध्येच चालणारा कोड) तो बदलायचा, मुख्य लूप तो तपासायचा. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करणं) चालू केलं की लूप तिथेच अडकायचा. लॉगची ओळ घातली की चूक गायब! तीन दिवस गेले. फ्लॅगच्या घोषणेत 'व्होलाटाइल' लिहायचं राहिलं होतं, त्यामुळे कंपायलर तो मेमरीतून पुन्हा वाचतच नव्हता. आठ वर्षांत असला विचार करायची वेळच आली नव्हती.

मोबाइलवाली
पण शोधलंत ना? नवशिक्याने बोर्डच खराब आहे म्हणून बदलला असता. लॉग घातल्यावर पळणारी चूक एकाच वेळी चालणाऱ्या दोन थ्रेडच्या भांडणातही दिसते, ती तुम्ही सर्व्हरवर पाहिली असणारच. मी बॅकएंडवरून मोबाइलला आले. नेटवर्क तुटल्यावर ॲप तीच ऑर्डर दोनदा पाठवत होतं. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरने तो तपासायचा, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं, कारण पलीकडची बाजू मी स्वतः लिहिलेली होती.

गेमवाला
सुचतं तसं चुकीचंही सुचतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. सर्व्हरवरून आलेले लोक प्रत्येक फ्रेमला नवे ऑब्जेक्ट बनवतात, मग नको झालेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच उठतो आणि चित्र अडखळतं. एरियन ५ रॉकेट आठवा: १९९६ मध्ये एरियन ४ चा कोड तसाच घेतला, नव्या रॉकेटचा आडवा वेग १६ बिटांच्या संख्येत मावला नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत सगळं संपलं.

मोबाइलवाली
तिथे कोड उचलला होता. जुनी गृहीतकं नव्या जागी तपासून बघणं, हेच तर अनुभवी माणसाचं कौशल्य!

धागालेखक
हे मान्य. पण कोणतं गृहीतक तपासायचं हे कळायलाच मला वर्ष लागलं. म्हणून क्षेत्र बदलून आलेल्याला पगार सीनिअरचा जरूर द्या, पण पहिले सहा महिने डिझाइनचा निर्णय एकट्यावर टाकू नका. माझ्यावर टाकला होता.