अनुभव धागा : आयर्लंडच्या आडवाटांवरचा एक दिवस

डब्लिनहून (धागाकर्ती) :
उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले, की त्यांना गाडीने पश्चिम किनारा दाखवून आणणे हा इथल्या बऱ्याच मराठी घरांतला शिरस्ता आहे. त्या सहलीतल्या एकाच दिवसाविषयी, एकाच रस्त्याविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती करते आणि सुरुवात स्वतःपासून करते.

डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालणारा स्ली हेडचा रस्ता पन्नास किलोमीटरांचाही नाही, म्हणून दुपारच्या जेवणापर्यंत परतू असा आमचा हिशेब होता; प्रत्यक्षात रात्रीचे आठ वाजले. जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो, म्हणून निभावले. एका वळणावर डोंगरातून उतरणारा ओढा सरळ रस्त्यावरूनच वाहतो. तिथे सासूबाईंना श्रावणातला आंबा घाट आठवला. सासऱ्यांचा जन्म बांधकामात गेलेला. त्यामुळे गॅलरसचे जुने प्रार्थनागृह पाहून ते पुढे सरकेनात. चुना किंवा माती न वापरता, प्रत्येक थर किंचित आत घेत, उलट्या ठेवलेल्या होडीच्या आकारात रचलेले ते दगड शेकडो वर्षांच्या पावसातही गळलेले नाहीत, हे कळल्यावर त्यांनी आत जाऊन छताचा सांधा न् सांधा न्याहाळला. बाहेर मुले भुकेने कुरकुरत होती.

पुण्याहून :
आम्ही रिंग ऑफ केरी, म्हणजे केरी परगण्यातला गोलाकार फेरीचा रस्ता केला, एकूण १७९ किलोमीटर. पर्यटकांच्या बस किलार्नीहून किलॉर्ग्लिनमार्गे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने जातात. त्यांच्यामागे रखडायला नको म्हणून आम्ही मुद्दाम केनमेअरच्या बाजूने निघालो. बसच्या मागे अडकलो नाही हे खरे, पण प्रत्येक बस समोरून आली. वाहने डावीकडून चालतात म्हणून आपल्याला तिथे सोपे जाते, हे अर्धेच खरे आहे, कारण डावीकडच्या फुशियाच्या फुलझाडांच्या लालभडक कुंपणात दगडी भिंत दडलेली असते आणि ती आरसा घासल्यावरच कळते. भाड्याच्या गाडीचा संपूर्ण विमा घेण्यात केलेली काटकसर त्या एका ओरखड्याने वसूल करून घेतली. राणी व्हिक्टोरियाच्या सोबतच्या स्त्रियांना १८६१मध्ये भावलेल्या लेडीज व्ह्यूवर घरच्यांनी तळी, डोंगर, ढगांच्या सावल्या असे सगळे पाहिले; मी मात्र गाडीतून उतरून आधी आरसा पाहिला. चालवणारे दोघे असतील तरच हा रस्ता एका दिवसात करावा, असे माझे मत आहे.

लिमरिकहून :
एक भर घालतो. फेब्रुवारी २०२५पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवरून ६० झाली आहे. मधोमध गवत उगवलेल्या रस्त्यावर ८०ने जाण्याची माझी छाती आधीही नव्हती.

गॉलवेहून :
लीनानकडून लुईसबर्गला जाताना मेयो परगण्यात डूलॉ हे तळे लागते. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्ये काळसर पाणी आणि मैलभर घर नाही, असे ते दृश्य पाहून मुलांनी फोटोसाठी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. बटाट्याचे पीक रोगाने गेल्यामुळे पडलेल्या दुष्काळात, मार्च १८४९च्या अखेरीस, मदत चालू राहावी म्हणून तपासणीसाठी लुईसबर्गहून डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यापर्यंत पायी बोलावलेली शेकडो उपाशी माणसे रिकाम्या हाताने परत फिरली आणि त्यांतली कित्येक याच वाटेवर थंडीपावसात मेली. इथल्या स्मारकावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले आहे, हे मला आधी ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांनी ते मोठ्याने वाचले आणि मग नातवांना १९७२चा आपला दुष्काळ, खडी फोडायची कामे, सुकडी हे सगळे वेस्टपोर्ट येईपर्यंत सांगितले. नियोजनात त्या थांब्यासाठी दहा मिनिटे ठेवली होती.

रत्नागिरीहून :
मी मागच्या सीटवरची प्रवासी, तेव्हा रस्त्याविषयी तक्रार नाही. गॉलवे परगण्याच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारातल्या शेतांभोवतीचे बांध म्हणजे थेट आमचे गडगे, फक्त दगड जांभा नव्हे. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरचे एक बोट किंचित उचलतो, ही तिथली ओळखदेख. पहिल्या दिवशी जावई गोंधळले. तिसऱ्या दिवशी त्यांचेही बोट आपसूक उठू लागले आणि मागून मी हात हलवत राहिले.