मदत हवी आहे: पवई तलावाकाठी आई-बाबांना फिरायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,

नुकतेच पवईला तलावासमोरच्या सोसायटीत राहायला आलोय. जागा फार आवडली. बाल्कनीतून पाणी दिसतं, पलीकडे आयआयटीची झाडी. जलपर्णीवर लांबलचक बोटं टाकत चालणारा कमळपक्षी बघता बघता बाबांचा चहा रोज गार होतो. आता त्यांना काठावर जायचंय. गुडघे दुखतात, त्यामुळे सपाट वाट आणि मध्ये बसायला बाक हवेत. पहाटे कुठल्या बाजूने फिरणं बरं? तलावात मगरी आहेत, मग पाण्याच्या किती जवळ जावं? (आईची काळजी, आणि रास्तच आहे.) संध्याकाळी डास येतात, वारा न अडवणारी जाळी कुणी बसवली आहे का? आणि पक्षी ओळखणारे कुणी ज्येष्ठ शेजारी असतील तर बाबांशी गाठ घालून द्या, प्लीज.