तारीख पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही
एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) सर्टिफिकेट परीक्षेसाठी रोज रात्री एकपर्यंत अभ्यास, मुलांवर चिडचिड आणि तरी डोक्यात काही शिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून वाईट वाटलं, कारण मीही यातून गेलोय. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. ती कापून मिळवलेले दोन तास हाती लागतच नाहीत.

एडब्ल्यूएसच्या परीक्षेची तारीख २४ तास आधीपर्यंत बदलता येते, जास्तीत जास्त दोनदा. नापास झालात तर १४ दिवसांनी पुन्हा बसता येतं (फी मात्र परत भरावी लागते). तेव्हा खरंच, तारीख ढकला.

मला उपयोगी पडला तो पहाटेचा पाऊण तास, तोही फक्त लॅबसाठी, म्हणजे स्वतः करून बघायच्या सरावासाठी. व्हिडिओ बघत बसणं जवळजवळ सोडलंच. रविवारचा अर्धा दिवस माझा, हे बायकोशी बोलून ठरवलं आणि किती आठवडे, तेही आधीच सांगितलं. शेवट दिसत नसेल तर घरच्यांचाही धीर सुटतो हो.

घरून परीक्षा देणार असाल तर एक लक्षात ठेवा: मध्येच कुणी खोलीत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. मुलं लहान असतील तर सरळ केंद्रावर जा.