जांभळी नाका आणि १५ टक्के

किराणा दुकानदार मार्जिन घेतो, मग ॲप स्टोअरने ॲपमधल्या विक्रीवर कमिशन घेतलं तर बिघडलं काय, असं काहीजण म्हणतात. घेऊ दे की! पण ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एकाशी पटलं नाही तर माल शेजारच्याकडे ठेवता येतो. भारतात आयफोनसाठी शेजारचं दुकान कुठंय? अँड्रॉइडवर एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, देता येते, पण तबला शिकणाऱ्या साठीतल्या विद्यार्थ्याला ती कशी टाकायची हे फोनवर बोलून समजावून बघा एकदा.

मी नौपाड्यात घरूनच तबल्याच्या रियाजासाठी लेहऱ्याचं (तबल्यासोबत सतत वाजत राहणाऱ्या सुरावटीचं) छोटं ॲप चालवतो, १९९ रुपयांचं. स्टोअर ३० टक्के कमिशन घेतात ही मोठ्या ॲपवाल्यांची ओरड आमच्यासारख्यांना लागू नाही, हे कबूल. २०२१पासून ॲपल आणि गूगल दोघंही छोट्यांकडून, म्हणजे वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर, १५ टक्केच घेतात. करबिर सोडून साधारण ३० रुपये. ते खुपत नाहीत. खुपलं ते वेगळंच. 'वेबसाइटवर यूपीआयने भरा' एवढी एक ओळ टाकली, तर एका स्टोअरने अपडेटच अडवलं. ऐन गुरुपौर्णिमेच्या तोंडावर आठ दिवस गेले. समोरच्या पोळीभाजीवाल्या काकूंच्या ऑर्डरच्या ॲपला मात्र यातलं काहीच नाही, कारण कमिशन फक्त डिजिटल मालावर. पोळी खरी, लेहरा डिजिटल!

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये ॲपमधले पैसे गूगलच्याच बिलिंगने घ्यायच्या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड ठोठावला. पुढे दुसऱ्या बिलिंगची मुभा मिळाली, पण त्यात कमिशन घटतं फक्त ४ टक्क्यांनी. त्यातले दोन माझा पेमेंट गेटवेवाला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारा, घेणार, वर हिशेब दोन ठिकाणी. मी त्या फंदात पडलोच नाही.